पोलंडच्या ग्रामीण भागातील ऐतिहासिक प्रासाद आणि त्यांतील निवास : वारसा, मालकी व गाव यांच्या परस्परसंबंधांचा अभ्यास

प्रस्तावना :

पोलंडच्या नैऋत्य भागात, चेक सीमेवरील कार्कोनोशे पर्वताच्या पायथ्याशी, बूब्र नदीच्या काठी वोम्नित्सा नावाचे एक खेडे आहे. या खेड्यात एक मोठा प्रासाद, त्याच्या शेजारी एक लहान प्रासाद, नदीच्या अंगाला उद्यान आणि दुसऱ्या अंगाला शेतवाडीच्या इमारती असा समूह उभा आहे. मोठ्या प्रासादात प्रदर्शने व सांस्कृतिक कार्यक्रम होतात. लहान प्रासादात पाहुण्यांना राहण्यासाठी खोल्या मिळतात. नदी ओलांडून थोडे पुढे गेले की वोयानुफ हे खेडे लागते. तेथेही एक प्रासाद असून त्याचेही रूपांतर निवासस्थानात झाले आहे. येलेन्या गुरा या शहराभोवतालच्या खोऱ्यात असे किल्ले, प्रासाद आणि सरदारी वाडे मिळून तीसच्या आसपास वास्तू आहेत. म्हणूनच हा परिसर आता ‘प्रासाद व उद्यानांचे खोरे’ या नावाने ओळखला जातो.

ऐतिहासिक वास्तूत एक-दोन रात्री राहणे हा पर्यटनाचा एक सर्वमान्य प्रकार झाला आहे. परंतु पोलंडमध्ये, आणि विशेषतः लोअर सायलेशिया या प्रदेशात, या निवासाला एक वेगळे परिमाण आहे. १९४५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत येथील खेड्यांमधील जवळजवळ सर्व लोकसंख्या बदलली. प्रासाद ज्यांनी बांधले ते गेले, त्यांच्या शेतांवर राबणारेही गेले, आणि त्यांच्या जागी शेकडो किलोमीटर दूरवरून, बऱ्याचदा स्वतःची घरे गमावून आलेली माणसे वसली. अशा ठिकाणी ‘वारसा’ हा शब्द उच्चारताच ‘कोणाचा वारसा?’ हा प्रश्न उभा राहतो. प्रासादात उतरणारा पाहुणा जे भाडे देतो त्यातून वास्तू टिकते हे खरे; पण त्याबरोबर कोणती आठवण टिकते आणि कोणती पुसली जाते, याचाही विचार होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) पोलंडमधील ग्रामीण प्रासादांची निर्मिती, ऱ्हास आणि पुनर्वापर यांचा ऐतिहासिक क्रम स्पष्ट करणे.
२) प्रासादाचे निवासस्थानात रूपांतर करताना वास्तू, कायदा आणि अर्थव्यवहार यांच्या कोणत्या मर्यादा येतात ते पाहणे.
३) प्रासाद व गाव यांच्या आजच्या संबंधांचे स्वरूप तपासणे.

संज्ञांचा विचार :

पोलिश भाषेत सरदारी निवासासाठी तीन शब्द रूढ आहेत. ‘झामेक’ म्हणजे तटबंदी असलेला किल्ला किंवा किल्लेवजा वाडा. ‘पावात्स’ म्हणजे संरक्षणाचा हेतू मागे पडून वैभव व प्रतिष्ठा यांच्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्रासाद. ‘द्वूर’ म्हणजे ग्रामीण भागातील लहान-मध्यम सरदारांचा, बहुधा एकमजली, पुढे खांबांची ओसरी असलेला वाडा. मराठीत ‘राजवाडा’ म्हटले की राजा गृहीत धरला जातो. पावात्सचा धनी मात्र राजा असेलच असे नाही. तो उमराव, सेनापती, मंत्री किंवा कापडाचा व्यापारीही असू शकतो. त्यामुळे येथे ‘प्रासाद’ हाच शब्द योजला आहे.

या तिन्ही वास्तूंना जोडून एक चौथा शब्द येतो आणि तो समजून घेतल्याशिवाय या विषयाचा उलगडा होत नाही. तो म्हणजे ‘फोल्वार्क’. धन्याच्या खाजगी जमिनीची शेतवाडी, तिची कोठारे, गोठे, तबेले, मद्यनिर्मितीच्या इमारती आणि त्यांवर चालणारी सारी व्यवस्था असा या शब्दाचा अर्थ होतो. शतकानुशतके या शेतवाडीवर कुळांच्या वेठीने काम चालत असे. प्रशियाने १८०७ च्या फर्मानाने वैयक्तिक दास्य रद्द केले. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गालिशिया प्रांतात वेठ १८४८ मध्ये संपली, तर रशियाच्या ताब्यातील पोलिश प्रदेशात कुळांना जमिनीचा हक्क १८६४ मध्ये मिळाला. प्रासादाच्या दर्शनी भागाचे सौंदर्य हे मागच्या अंगणातील या श्रमातून उभे राहिले होते. प्रासादाला गावापासून वेगळे काढून पाहिले तर हा संबंध दृष्टीआड होतो.

येलेन्या गुरा खोऱ्यातील प्रासादांची निर्मिती :

सायलेशिया हा प्रदेश अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत हाब्सबुर्ग सत्तेखाली होता. १७४० मध्ये सुरू झालेल्या युद्धांनंतर त्याचा बहुतांश भाग प्रशियाकडे गेला आणि १७६३ च्या तहाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. त्या काळी हिर्शबेर्ग या नावाने ओळखले जाणारे येलेन्या गुरा हे शहर लिनन कापडाच्या, विशेषतः तलम विणीच्या कापडाच्या, व्यापारासाठी प्रसिद्ध होते. जवसाच्या तंतूंपासून विणलेले हे कापड डोंगरातील खेड्यांमध्ये घरोघरी तयार होई, कुरणांवर उन्हात पसरून शुभ्र केले जाई आणि शहरातील व्यापाऱ्यांमार्फत परदेशी जाई. या व्यापारातून धनिक झालेल्या कुटुंबांनी आसपासच्या जमीनदाऱ्या विकत घेतल्या. पाकोशुफ येथील प्रासाद हा अठराव्या शतकातील अशाच एका लिनन व्यापाऱ्याचे घर होता आणि कापड शुभ्र करण्याचे कामही तेथेच चालत असे. वोम्नित्साचा प्रासादही काही काळ लिनन व्यापाऱ्याच्या मालकीचा होता. १८३५ मध्ये तो प्रशियाच्या परराष्ट्र सेवेतील क्यूस्टर या मुत्सद्द्याने विकत घेतला.

या खोऱ्याला राजाश्रयाचे वलय लाभले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. प्रशियाच्या खाणव्यवसायाचा विकास करणाऱ्या फ्रेडरिक विल्हेल्म फोन रेडेन याने १७८५ मध्ये बुकोव्येत्स येथील जमीनदारी घेतली आणि तेथे इंग्रजी पद्धतीचे निसर्गोद्यान उभारले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात गाजलेला सेनानी ग्नायझेनाउ १८१६ मध्ये मिस्वाकोवित्से येथे आला. १८२२ मध्ये राजबंधू विल्हेल्म याने कार्पनिकी घेतले. १८३१ मध्ये ग्नायझेनाउच्या मृत्यूनंतर राजा फ्रेडरिक विल्यम तिसरा याने मिस्वाकोवित्से येथील जमीनदारी विकत घेऊन ती आपले उन्हाळी निवासस्थान केली, आणि १८३९ मध्ये आपली कन्या लुइझे हिच्यासाठी वोयानुफ खरेदी केले. शिंकेल आणि श्ट्यूलर हे वास्तुविशारद तसेच लेने हा उद्यानरचनाकार, अशी बर्लिनमधील पहिल्या प्रतीची मंडळी या कामांशी संबंधित होती.

या उद्यानांची रचना हे खोऱ्याचे खरे वैशिष्ट्य होय. येथील उद्यान भिंतीपाशी संपत नाही. झाडांच्या रांगा, तळी आणि मोकळी कुरणे अशा रीतीने मांडलेली आहेत की विशिष्ट जागी उभे राहिले असता दृष्टी थेट १,६०३ मीटर उंचीच्या श्नेझ्का शिखराकडे किंवा शेजारच्या प्रासादाकडे जावी. दूरचा पर्वत, मधली शेते आणि जवळचा वृक्ष यांचे एकच चित्र व्हावे अशी ही योजना आहे. साहजिकच मधल्या शेतात एखादी विसंगत इमारत उभी राहिली तर केवळ ते शेत नव्हे, संपूर्ण चित्र बिघडते. संरक्षण केवळ वास्तूचे करून भागत नाही, याचे हे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही त्याच काळातील आहे. १८३७ मध्ये धर्ममताच्या कारणावरून तिरोलमधील झिलरटाल या दरीतून बाहेर पडावे लागलेल्या चारशेहून अधिक प्रोटेस्टंटांना राजाने मिस्वाकोवित्से येथे आश्रय दिला. या कामी रेडेनच्या विधवा पत्नीने, फ्रीडरिके हिने, पुढाकार घेतला होता. मात्र त्यानंतर काही वर्षांतच, जून १८४४ मध्ये, याच प्रांताच्या दुसऱ्या डोंगराळ पट्ट्यात उपासमारीने गांजलेल्या विणकरांनी व्यापाऱ्यांविरुद्ध उठाव केला आणि तो लष्कराने मोडून काढला. याच खोऱ्यात पुढे वास्तव्य केलेला नाटककार गेर्हार्ट हाउप्टमान याने या उठावावर लिहिलेले ‘विणकर’ हे नाटक जगभर पोहोचले. लिननच्या पैशातून उभे राहिलेले प्रासाद आणि लिनन विणणाऱ्यांची उपासमार या दोन्ही गोष्टी एकाच इतिहासाचा भाग आहेत.

१९४५ नंतरचे स्थित्यंतर :

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकल्या. पूर्वेकडील प्रदेश सोव्हिएत संघात गेला आणि पश्चिमेकडील जर्मन प्रदेश पोलंडला मिळाला. लोअर सायलेशियातील जर्मन रहिवाशांना देश सोडावा लागला. त्यांच्या घरांत पूर्वेकडील गमावलेल्या प्रदेशातून आलेली तसेच मध्य पोलंडमधून आलेली पोलिश कुटुंबे वसवण्यात आली.

पोलंडच्या जुन्या भूभागात प्रासादांचे हस्तांतरण ६ सप्टेंबर १९४४ च्या जमीन सुधारणा हुकूमनाम्याने घडून आले. पन्नास हेक्टरांपेक्षा अधिक शेतजमीन असलेल्या किंवा एकूण शंभर हेक्टरांची मर्यादा ओलांडणाऱ्या जमीनदाऱ्या त्यानुसार मोबदल्याविना सरकारजमा झाल्या आणि बहुतेक ठिकाणी मालक कुटुंबांना आपला तालुकाच सोडावा लागला. लोअर सायलेशियात हेच काम जर्मन मालमत्तेविषयीच्या कायद्यांनी, विशेषतः मार्च १९४६ च्या हुकूमनाम्याने, केले. दोन्हीकडे परिणाम सारखाच झाला. प्रासादाचा धनी गेला आणि प्रासाद राज्यसंस्थेचा झाला.

राज्यसंस्थेला या वास्तूंचे कलामूल्य जपण्यापेक्षा त्यांच्या छपराखालील जागेची अधिक गरज होती. १९४९ पासून सरकारी शेतसंस्था स्थापन झाल्या आणि अनेक प्रासादांमध्ये त्यांची कार्यालये, कामगारांची बिऱ्हाडे, धान्याची कोठारे, बालवाड्या व शाळा आल्या. वोम्नित्साच्या मोठ्या प्रासादात काही काळ शाळा भरत असे. नंतर तो ओस पडला आणि त्याची पडझड झाली. मिस्वाकोवित्से येथील राजनिवासात मात्र शाळा टिकून राहिली. ज्या वास्तूत माणसांचा नित्य वावर राहिला ती कशीबशी तग धरून राहिली, आणि जी रिकामी झाली तिचे छप्पर गळू लागून काही वर्षांतच तिला अवशेषांचे रूप आले, असा सर्वसाधारण अनुभव आहे.

या ऱ्हासाचे कारण केवळ दारिद्र्य किंवा अनास्था नव्हते. पोलिश भाषेत अशा मालमत्तेसाठी ‘जर्मनांमागून उरलेले’ या अर्थाचे एक विशेषण रूढ झाले. घर, कपाट, फळझाड, प्रासाद अशा सर्वांना ते लावले जाई. पश्चिम जर्मनीने नव्या सीमेची वास्तवता १९७० च्या करारात स्वीकारली आणि एकत्रित जर्मनीने तिला अंतिम मान्यता दिली ती १४ नोव्हेंबर १९९० च्या करारात. तोवर आपल्याला येथून पुन्हा उठावे लागेल ही धास्ती नव्या रहिवाशांच्या मनातून पुरती गेली नव्हती. जे घर उद्या आपले राहील याची खात्री नाही, त्याच्या भिंतीला माणूस सहसा गिलावा करीत नाही.

१९८९ नंतर : विक्री, वारस आणि कायदा :

१९८९ च्या सत्तांतरानंतर ऑक्टोबर १९९१ मध्ये झालेल्या कायद्याने सरकारी शेतसंस्था मोडीत निघाल्या आणि त्यांच्या जमिनी व इमारती एका सरकारी अभिकरणाकडे सोपवण्यात आल्या. प्रासाद विक्रीस निघाले. त्याच वेळी शेतसंस्थांतील कामगार बेकार झाले, ही गोष्ट येथे लक्षात ठेवली पाहिजे. प्रासादाच्या अंगणातील बिऱ्हाडांत राहणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने वास्तूला नवा धनी मिळणे आणि आपला रोजगार जाणे या दोन घटना एकाच वेळी घडल्या.

पूर्वीच्या मालकांना मालमत्ता परत देणारा सर्वसमावेशक कायदा पोलंडमध्ये होऊ शकला नाही. संसदेने संमत केलेल्या अशा विधेयकाला २००१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरून रोखले. २०२१ मध्ये प्रशासकीय कार्यपद्धतीच्या कायद्यात दुरुस्ती होऊन जुन्या निर्णयांना आव्हान देण्यावर तीस वर्षांची मर्यादा घालण्यात आली. त्यामुळे ज्या वारसांकडे प्रासाद परत आले, त्यांच्यापैकी अनेकांना ते न्यायालयीन लढ्यातून किंवा चक्क विकत घेऊनच मिळवावे लागले. परदेशी नागरिकांना स्थावर मालमत्ता घेण्यासाठी १९२० च्या कायद्यानुसार परवाना लागत असे. १ मे २००४ रोजी पोलंड युरोपीय संघात दाखल झाल्यावर संघातील नागरिकांसाठी ही अट शिथिल झाली; शेतजमीन व वनजमिनीबाबत ती बारा वर्षे, म्हणजे २०१६ पर्यंत, कायम राहिली.

वास्तूच्या संरक्षणासाठी २३ जुलै २००३ चा स्मारक संरक्षण कायदा लागू आहे. नोंदवहीत समाविष्ट असलेल्या वास्तूत कोणतेही काम करण्यापूर्वी प्रांताच्या स्मारक संरक्षकाची परवानगी घ्यावी लागते. सप्टेंबर २०११ मध्ये येलेन्या गुरा खोऱ्यातील अकरा प्रासाद-उद्यान समूहांना राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने ‘इतिहासाचे स्मारक’ हा देशांतर्गत सर्वोच्च दर्जा देण्यात आला. या कामामागे २००५ मध्ये स्थापन झालेल्या खोऱ्याच्या प्रतिष्ठानाचा पाठपुरावा होता.

निवासाचे स्वरूप आणि त्यामागील अडचणी :

प्रासादात राहणाऱ्या पाहुण्याला सर्वप्रथम जाणवते ती म्हणजे खोल्यांची असमानता. येथे एकसारख्या खोल्यांची रांग नसते. कोठे दोन उंच खिडक्यांची प्रशस्त खोली असते, तर कोठे छपराखालच्या उताराची, एकेकाळी नोकरांची असलेली लहान खोली असते. प्रत्येक खोलीला आज स्वतंत्र स्नानगृह लागते. परंतु जुन्या भिंती फोडण्यास किंवा नक्षीदार छताखाली आडभिंत घालण्यास सहजासहजी परवानगी मिळत नाही. जाड दगडी भिंती उन्हाळ्यात गारवा देतात, पण हिवाळ्यात तापवण्यास महाग पडतात, आणि दर्शनी भागावर उष्णतारोधक थर चढवता येत नाही. खिडक्या लाकडीच ठेवाव्या लागतात. अग्निसुरक्षेसाठी दुसरा जिना हवा असतो, अपंगांसाठी उद्वाहन हवे असते, आणि या दोन्ही गोष्टी मूळ आराखड्यात नसतात. २००२ मध्ये वोयानुफच्या प्रासादाला लागलेल्या आगीने वापराविना पडून असलेल्या वास्तूचा धोका दाखवून दिला. त्याच दशकात त्याची पुनर्बांधणी होऊन तो निवासासाठी खुला झाला.

या अडचणींवरचा सर्वसामान्य उपाय म्हणजे शेतवाडीचा वापर. तबेले, कोठारे आणि गोठे यांचे अंतर्भाग साधे असल्याने त्यांत फेरफार करण्यास अधिक मोकळीक मिळते. म्हणून बऱ्याच ठिकाणी खोल्यांची संख्या वाढते ती प्रासादाच्या बाहेर, त्या इमारतींत. प्रासादाचे दालन भोजन, संगीत व विवाह समारंभ यांसाठी ठेवले जाते. यात एक ऐतिहासिक योगायोग आहे. ज्या फोल्वार्कने पूर्वी प्रासाद पोसला, त्याच्याच भिंती आजही त्याचा खर्च भागवतात. बदल एवढाच की धान्याची व दुधाची जागा पाहुण्यांनी घेतली आहे.

करांच्या बाबतीतही एक मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. नोंदणीकृत व नीट राखलेल्या वास्तूला पोलंडमध्ये स्थावर मालमत्ता करातून सूट मिळते. परंतु ज्या भागात व्यवसाय चालतो त्या भागाला ही सूट लागू नाही. म्हणजे वास्तू जगवण्यासाठी पाहुणे घ्यावे, तर सवलत जाते. आणि न घ्यावे, तर दुरुस्तीचा पैसा कोठून आणावा हा प्रश्न राहतो. युरोपीय निधी आणि सांस्कृतिक खात्याची अनुदाने यांमुळे ही कोंडी काही अंशी सैल झाली आहे. मात्र अनुदान दुरुस्तीसाठी एकदा मिळते, तर छपराची देखभाल दर वर्षी करावी लागते.

मालकीचे नमुने :

आज पाहुण्यांसाठी खुल्या असलेल्या ग्रामीण प्रासादांचे मालकीच्या दृष्टीने तीन प्रमुख नमुने दिसतात.

पहिला नमुना वारसांचा होय. श्वेंतोक्शिस्क्ये प्रांतातील कुरोझ्वेंकी येथील प्रासाद १९९१ मध्ये पूर्वीच्या पोपिएल घराण्याकडे परत आला. तेथे निवासाबरोबरच अमेरिकी गव्यांचा कळप व शेतीशी निगडित आकर्षणे यांवर भर आहे. वोम्नित्सा येथे १९९० च्या दशकाच्या आरंभी क्यूस्टर घराण्याच्या वंशजांनी पडझड झालेली वास्तू विकत घेतली. कुरोझ्वेंकीत परतणारे घराणे पोलिश होते, तर वोम्नित्सात जर्मन. त्यामुळे दोन्हीकडे ‘परत येणे’ या शब्दाचा अर्थ वेगळा होता. वोम्नित्सात वारसांना गावाशी नाते नव्याने जोडावे लागले. शेतवाडी पुन्हा उभी करणे, तेथे स्थानिक लिनन व खाद्यपदार्थ यांची विक्री सुरू करणे आणि मोठा प्रासाद संस्कृतिकार्यासाठी खुला ठेवणे या मार्गाने ते जोडले गेले.

दुसरा नमुना नव्या उद्योजकांचा होय. शहरात कमावलेला पैसा ग्रामीण वास्तूत गुंतवणाऱ्या या वर्गाने अनेक प्रासाद अक्षरशः वाचवले. वास्तूशी त्यांचे घराण्याचे नाते नसते. म्हणून व्यवहार न जमल्यास ती पुन्हा विक्रीस निघण्याची शक्यताही या नमुन्यात अधिक असते.

तिसरा नमुना सार्वजनिक संस्थांचा होय. अंतोनिन या खेड्यात शिंकेलच्या आराखड्यानुसार १८२२ ते १८२४ या काळात बांधलेला राजिविल घराण्याचा लाकडी शिकारी प्रासाद आहे. तरुण शोपॅंचे येथे वास्तव्य झाले होते. ही वास्तू कालिश येथील सांस्कृतिक केंद्राच्या व्यवस्थापनाखाली आली असून तेथे निवास व संगीत कार्यक्रम यांची सांगड घातली गेली आहे. वॉर्साजवळील राजेयोवित्से येथील प्रासाद तर साम्यवादी काळापासून कलावंतांचे ‘सर्जनगृह’ म्हणून ओळखला जातो. लेखक, चित्रकार व संगीतकारांनी काही दिवस येऊन काम करावे, यासाठी सरकारने तो राखला. साम्यवादी राजवटीने प्रासादांची सरसकट उपेक्षाच केली, हे विधान म्हणूनच अपुरे ठरते.

प्रासाद आणि गाव :

प्रासादाचे निवासस्थानात रूपांतर झाल्याने गावाला काय मिळते, हा या अभ्यासातील कळीचा मुद्दा आहे. रोजगार मिळतो, पण तो बराचसा हंगामी असतो. रस्ता सुधारतो, दूध-अंडी-मध यांना गिऱ्हाईक मिळते, विवाह समारंभांमुळे वर्दळ राहते. उलट, जी वाट शेतसंस्थेच्या काळात सर्वांची होती ती बंद होण्याचा धोकाही असतो. उद्यानातील तळ्याकाठी फिरणे, तेथील टेकडीवर मुलांनी हिवाळ्यात घसरगुंडी खेळणे, या गोष्टी चार दशके गावाच्या सवयीच्या झाल्या होत्या. कुंपण आले की कागदोपत्री कोणाचा हक्क जात नाही. पण गावाचे जगणे आक्रसते. बुकोव्येत्स येथे प्रतिष्ठानाने उद्यानाच्या पुनर्रचनेबरोबरच शेतवाडीतील जुन्या कोठारात सांस्कृतिक कार्यक्रम सुरू केले. मिस्वाकोवित्से येथे राजाच्या दालनांत गावची मुले शिकत राहिली. पाहुण्यांसाठीचा निवास हा प्रासादाच्या पुनर्वापराचा एकमेव मार्ग नाही, हे या उदाहरणांवरून स्पष्ट होते.

पाहुण्यांचे प्रकारही लक्षात घेण्याजोगे आहेत. १९९० च्या दशकात येथे येणाऱ्यांत आपले किंवा आईवडिलांचे जन्मगाव पाहू इच्छिणाऱ्या जर्मन प्रवाशांचे प्रमाण लक्षणीय होते. जसजशी ती पिढी ओसरली आणि पोलंडमधील मध्यमवर्गाची ऐपत वाढली, तसतसे व्रोत्सवाफ, पोझ्नान, वॉर्सा येथून येणारे पोलिश पाहुणे महत्त्वाचे ठरले. त्यांच्यापैकी कित्येकांचे आजीआजोबा पूर्वेकडून आलेले निर्वासित होते. ज्या प्रासादाकडे आजोबांनी परक्याचे म्हणून पाहिले, तेथे नातवंडे हौसेने पैसे मोजून उतरतात, हा बदल केवळ आर्थिक नाही.

या स्थलांतराचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. १९४० मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून हद्दपार केलेल्या कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार लोक इराणमार्गे भारतात येऊन १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणीत राहिले. त्यांत स्त्रिया व मुले बहुसंख्य होती. युद्ध संपले तेव्हा त्यांची गावे सोव्हिएत संघात गेलेली होती. परतण्यासाठी देश होता, पण घर नव्हते. वळिवडेतील बहुतेक जण पुढे ब्रिटन व अन्य देशांत गेले, काही पोलंडला परतले. त्याच पूर्व प्रदेशातील ज्या कुटुंबांना मायदेशातच नवे घर शोधावे लागले, त्यांच्यापैकी अनेकांच्या वाट्याला लोअर सायलेशियातील खेडी आली. वळिवडेची बराकी वस्ती आणि वोम्नित्साचा प्रासाद यांच्यात वरकरणी काहीच साम्य नाही. परंतु एकाच उलथापालथीने एकीकडे घर गमावलेली माणसे आणि दुसरीकडे माणसे गमावलेली घरे निर्माण केली.

निष्कर्ष :

१) पोलंडमधील ग्रामीण प्रासाद हा एकटा उभा राहिलेला नव्हता. प्रासाद, उद्यान, शेतवाडी व गाव हा एक संच होता. या संचाचे तुकडे वेगवेगळ्या मालकांकडे गेले की केवळ दर्शनी वास्तू जपून मूळ अर्थ टिकत नाही.

२) रिकामेपणा हा वास्तूचा सर्वांत मोठा शत्रू आहे. निवास, शाळा, सर्जनगृह किंवा सांस्कृतिक केंद्र यांपैकी कोणताही नित्य वापर रिकामेपणापेक्षा हितकारक ठरतो. निवासाचा लाभ असा की देखभालीसाठी लागणारा नियमित पैसा त्यातून उभा राहू शकतो.

३) संरक्षणाचा कायदा, करव्यवस्था आणि अनुदान यांत सुसंगती नसल्यास मालकाची कोंडी होते. वास्तूचा व्यावसायिक वापर हाच तिच्या देखभालीचा आधार असेल, तर करसवलतीचा विचार त्या दृष्टीने होणे इष्ट आहे.

४) यशाची कसोटी खोल्या किती भरल्या एवढ्यावर ठरू नये. उद्यानाची वाट गावाला खुली आहे काय, शेतवाडीत स्थानिकांना काम आहे काय, आणि वास्तूचा इतिहास सांगताना वेठीचे कूळ, उपाशी विणकर, हद्दपार झालेला जर्मन, पूर्वेकडून आलेला निर्वासित आणि शेतसंस्थेचा कामगार यांना जागा मिळते काय, हे प्रश्नही तितकेच महत्त्वाचे आहेत.

समारोप :

एका वास्तूवर अनेकांचा भावनिक हक्क असू शकतो, आणि तो परस्परविरोधीही असू शकतो. सातबाऱ्यासारखा एखादा उतारा कायदेशीर मालक कोण ते सांगतो. त्या वास्तूशी कोणाकोणाचे आयुष्य बांधलेले होते हे तो सांगत नाही. येलेन्या गुरा खोऱ्यातील प्रासादांनी गेल्या तीन दशकांत मोडकळीस आलेल्या स्थितीतून पुन्हा वापरात येण्याचा जो प्रवास केला, त्यात पैसा, कायदा आणि चिकाटी यांचा वाटा मोठा आहे. तथापि हा प्रवास टिकाऊ ठरला तो प्रामुख्याने जेथे दरवाजा पाहुण्याबरोबर शेजाऱ्यासाठीही उघडा राहिला तेथे. ऐतिहासिक वास्तूंचे निवासस्थानांत रूपांतर करण्याचा विचार कोठेही होत असेल, तर पोलंडमधील या खेड्यांचा अनुभव त्यासाठी उपयुक्त ठरू शकेल.